छोट्या संस्थेचे वायफाय: सामायिक पासवर्डापासून व्यक्तिगत प्रमाणीकरणापर्यंत

शाळा, ग्रंथालय, पतसंस्था किंवा वीस-पंचवीस माणसांचे कार्यालय अशा ठिकाणी "वायफायचे तेवढे तुम्ही बघा" असे ज्यांना सांगण्यात आले आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. राउटरच्या सेटिंगचे पान उघडता येते, एवढेच येथे गृहीत धरले आहे. अशा संस्थांत चर्चा बहुधा वेगापासून सुरू होते, मग नवा राउटर येतो आणि भिंतीवर चिकटवलेला जुनाच पासवर्ड त्यालाही दिला जातो. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. जाळ्यावर कोण येऊ शकते हे आधी ठरवावे, वेगाचा विचार नंतर करावा. तरीही वायफायच्या पिढ्यांची तोंडओळख आधी करून घ्यावी लागते, कारण एखादे उपकरण कोणती सुरक्षा पद्धत जाणते हे बऱ्याच अंशी त्याच्या पिढीवर ठरते.

पहिली पायरी: उपकरणांची यादी

नवे काही विकत घेण्यापूर्वी आजच्या राउटरला काय काय जोडलेले आहे, ते कागदावर उतरवावे. लॅपटॉप आणि फोन चटकन आठवतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर, बोटांच्या ठशांचे हजेरी यंत्र आणि सभागृहातला टीव्ही मात्र विसरले जातात, आणि पुढे अडचण नेमकी तेच करतात. प्रत्येक उपकरणापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: वायफायच्या दोन रेडिओ पट्ट्यांपैकी ते फक्त २.४ गिगाहर्ट्‌झवर चालते की ५ गिगाहर्ट्‌झवरही. त्याला डब्ल्यूपीए३ ही वायफायची नवी सुरक्षा पद्धत कळते का. आणि जाळ्याला जोडताना त्यात वापरकर्त्याचे नाव आणि पासवर्ड असे दोन्ही भरण्याची सोय आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे महत्त्व पुढे कळेल.

डब्ल्यूपीए३ साठी ढोबळ खूण अशी, की विंडोज १० ची २०१९ च्या मे महिन्यातली १९०३ ही आवृत्ती, ॲन्ड्रॉइड १०, आयओएस १३ आणि मॅकओएस कॅटालिना यांपासून पुढे या पद्धतीची सोय आहे. मात्र आतली वायफाय चिप जुनी असेल तर केवळ प्रणाली नवी असून भागत नाही. शंका असेल तेथे प्रत्यक्ष जोडूनच पाहावे.

खोक्यावरचे आकडे

वायफायची मूळ मानके आयईईई ही अभियंत्यांची संस्था ८०२.११ या क्रमांकाखाली तयार करते. पहिले मानक १९९७ चे आहे. पुढे एन, एसी, एएक्स अशी अक्षरे लागत गेली आणि सामान्य ग्राहक गोंधळला, म्हणून वायफाय अलायन्स या उद्योगसंघटनेने २०१८ मध्ये साधे क्रमांक दिले. एन म्हणजे वायफाय ४, एसी म्हणजे वायफाय ५, एएक्स म्हणजे वायफाय ६. वायफाय ७ म्हणजे ८०२.११बीई, आणि त्याच्या उपकरणांचे प्रमाणन जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. वायफाय ५ चे मानक केवळ ५ गिगाहर्ट्‌झपुरते होते. वायफाय ६ ने २.४ गिगाहर्ट्‌झलाही नवे तंत्र दिले. एकाच वेळी अनेक उपकरणांना चॅनेलचे लहान लहान तुकडे वाटून देण्याची ओएफडीएमए ही पद्धत त्यातच आली, आणि पन्नास फोन असलेल्या वर्गात कमाल वेगाच्या आकड्यापेक्षा तिचाच उपयोग अधिक होतो.

खोक्यावर "एएक्स ३०००" असे लिहिलेले असते, तो आकडा बेरजेचा असतो. २.४ गिगाहर्ट्‌झवरचे सुमारे ५७४ आणि ५ गिगाहर्ट्‌झवरचे सुमारे २४०२ मेगाबिट मिळून तो तीन हजारांच्या जवळ नेलेला असतो. एक फोन एका वेळी यांपैकी एकाच पट्ट्यावर असतो. शिवाय २४०२ हा आकडा १६० मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या चॅनेलवरचा असतो. रुंदी ८० केली की तो निम्मा होतो, आणि प्रत्यक्ष फाइल उतरवताना त्याहूनही बराच खाली येतो.

भारतात २०१८ च्या ऑक्टोबरमधील अधिसूचनेने ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातील एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ परवानामुक्त झाले, त्यामुळे येथे चॅनेलांची टंचाई राहिलेली नाही. ६ गिगाहर्ट्‌झच्या बाबतीत ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्‌झ हा खालचा भाग कमी शक्तीच्या उपकरणांसाठी खुला करणाऱ्या नियमांचा मसुदा केंद्रीय दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. एवढ्या ५०० मेगाहर्ट्‌झमध्ये वायफाय ७ चा ३२० मेगाहर्ट्‌झ रुंदीचा एकच चॅनेल बसतो. त्यामुळे लहान संस्थेने केवळ त्या रुंदीसाठी जास्त पैसे मोजण्यात मला अर्थ दिसत नाही. महागडा त्रिपट्टी राउटर घेण्याआधी त्याच्या भारतीय आवृत्तीत ६ गिगाहर्ट्‌झ खरोखर सुरू आहे का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

चॅनेल निवडताना २.४ गिगाहर्ट्‌झवर रुंदी २० मेगाहर्ट्‌झच ठेवावी आणि १, ६ किंवा ११ यांपैकी एक घ्यावा, कारण हे तीन चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ५ गिगाहर्ट्‌झवर एकच ॲक्सेस पॉइंट (वायफायचा सिग्नल पसरवणारे यंत्र; लहान ठिकाणी हे काम राउटरच करतो) असेल तर ८० ठीक आहे. एका मजल्यावर तीन-चार असतील तर ४० किंवा २० वर उतरावे. कागदावरचा वेग घटतो, पण ॲक्सेस पॉइंट एकमेकांच्या वाटेत येत नाहीत.

दुसरी पायरी: सामायिक पासवर्ड आधी नीट करणे

सर्वांना एकच पासवर्ड देण्याच्या पद्धतीत डब्ल्यूपीए२ ही आधीची सुरक्षा पद्धत काय करते, ते समजून घेतले पाहिजे. वायफायचे नाव आणि पासवर्ड एकत्र घेऊन त्यांवर एक गणिती प्रक्रिया ४०९६ वेळा केली जाते आणि त्यातून २५६ बिटांची मूळ किल्ली तयार होते. फोन जोडला जाताना तो आणि ॲक्सेस पॉइंट चार संदेशांची देवाणघेवाण करतात. पहिल्या दोन संदेशांत दोघेही एकेक यादृच्छिक संख्या पाठवतात. मूळ किल्ली, या दोन संख्या आणि दोन्ही उपकरणांचे पत्ते यांपासून त्या सत्राची किल्ली बनते. पासवर्ड स्वतः हवेतून कधीच जात नाही. पण हे संदेश ज्याने टिपून ठेवले, तो घरी निवांत बसून एकेक पासवर्ड गृहीत धरून पाहू शकतो, आणि कोणता जुळला हे त्याला राउटरला न विचारता कळते.

आपल्याकडे वायफायला दहा आकडी मोबाइल क्रमांक पासवर्ड म्हणून देण्याची सवय फार आहे. भारतीय मोबाइल क्रमांक ६ ते ९ यांपैकी एका अंकाने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. आरटीएक्स ४०९० सारखे एक ग्राफिक्स कार्ड सेकंदाला अशा सुमारे २५ लाख शक्यता तपासते. भागाकार केला तर सगळे क्रमांक तपासून व्हायला अर्धा तासही लागत नाही. याउलट लहान इंग्रजी अक्षरे आणि अंक यांतून यंत्राने यादृच्छिक निवडलेला १४ वर्णांचा पासवर्ड घेतला, तर त्याच कार्डाला सात कोटींहून अधिक वर्षे लागतील. संस्थेचे नाव आणि स्थापनेचे वर्ष जोडून केलेला पासवर्ड यांपैकी कोणत्या टोकाच्या जवळ आहे, ते सांगायला नको.

डब्ल्यूपीए२ च्या सामायिक पासवर्डाचा आणखी एक दोष कमी लोकांना ठाऊक असतो. ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने दुसऱ्याच्या जोडणीचे ते चार संदेश टिपले आहेत, तो त्या दुसऱ्याच्या सत्राची किल्ली स्वतः काढू शकतो. म्हणजे एकाच वायफायवरचे सहकारी एकमेकांपासून सुरक्षित नसतात.

२०१८ मध्ये आलेल्या डब्ल्यूपीए३ ने या दोन्ही दोषांवर उपाय केला. त्यातील एसएई या पद्धतीत दोन्ही बाजू पासवर्डापासून एका वक्रावरील बिंदू काढतात आणि अशा संख्यांची देवाणघेवाण करतात, की त्या टिपून ठेवल्या तरी घरी बसून पासवर्ड ताडता येत नाही. प्रत्येक अंदाजासाठी राउटरशी प्रत्यक्ष बोलावे लागते, आणि पासवर्ड नंतर कधी फुटला तरी आधी टिपलेली वाहतूक उलगडत नाही. २०१९ मध्ये मॅथी व्हॅनहूफ आणि एयाल रोनेन यांनी, बिंदू काढायला लागणाऱ्या वेळावरून पासवर्डाविषयी माहिती गळते असे दाखवले. त्यानंतर बिंदू काढण्याची रीत सुधारण्यात आली. म्हणून राउटरचे फर्मवेअर (आतले सॉफ्टवेअर) अद्ययावत करणे हा या पायरीचाच भाग समजावा.

राउटरवर "डब्ल्यूपीए२/डब्ल्यूपीए३ मिश्र" असा पर्याय असतो आणि जुनी उपकरणे असताना तो घ्यावाच लागतो. पण हल्लेखोर त्याच नावाचे, केवळ डब्ल्यूपीए२ बोलणारे बनावट ॲक्सेस पॉइंट उभे करून फोनला खालच्या पद्धतीवर ओढू शकतो. मिश्र पर्याय चालू असेपर्यंत पासवर्ड डब्ल्यूपीए२ च्या कसोटीला उतरेल असाच हवा. यादीतली फक्त डब्ल्यूपीए२ जाणणारी यंत्रे २.४ गिगाहर्ट्‌झवरील वेगळ्या नावावर, वेगळ्या पासवर्डासह ठेवून मुख्य नाव निव्वळ डब्ल्यूपीए३ वर नेणे हा अधिक चांगला मार्ग आहे.

याच बैठकीत डब्ल्यूपीएस या झटपट जोडणीच्या सोयीचे आठ आकडी पिन बंद करून टाकावे. त्याची तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा अंक पडताळणीचा असतो, त्यामुळे जास्तीत जास्त ११ हजार प्रयत्नांत ते सापडते, हे २०११ मध्येच उघड झाले आहे. जोडणी तोडण्याचे खोटे संदेश रोखणारी पीएमएफ ही सोय डब्ल्यूपीए३ मध्ये सक्तीची असते. डब्ल्यूपीए२ च्या नावावर ती "ऐच्छिक" ठेवावी. वायफायचे नाव लपवणे आणि उपकरणांच्या मॅक पत्त्यांची (कारखान्यातच दिलेल्या जाळे-क्रमांकांची) यादी करून फक्त त्यांनाच प्रवेश देणे, या दोन उपायांवर वेळ घालवू नये. लपवलेले नाव हवेतल्या संदेशांत दिसतेच, आणि आजचे फोन मूळ मॅक पत्त्याऐवजी बनवलेला पत्ता दाखवतात.

तिसरी पायरी: प्रत्येकाची वेगळी ओळख

एसएईनेही एक प्रश्न सुटत नाही. नोकरी सोडून गेलेल्या एका माणसासाठी सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागतो, आणि म्हणून तो कोणीच बदलत नाही. दहा-बारा माणसांपर्यंत हे निभावते. त्यापुढे ८०२.१एक्स या पद्धतीकडे वळावे. राउटरच्या पानावर ती "एंटरप्राइझ" या नावाने दिसते.

यात तीन पक्ष असतात: जोडू पाहणारा फोन किंवा लॅपटॉप, ॲक्सेस पॉइंट आणि रेडियस सर्व्हर, म्हणजे कोणाला आत घ्यायचे हे तपासणारा संगणक. ॲक्सेस पॉइंट स्वतः काहीच तपासत नाही. तो फोनचे ईएपी संदेश (ओळख पटवण्याच्या संवादाचे ठरलेले स्वरूप) रेडियसच्या पाकिटात घालून यूडीपीच्या १८१२ क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हरकडे पाठवतो आणि उत्तर परत आणून देतो. सर्व्हरचा होकार आला की त्यासोबत त्या व्यक्तीच्या त्या सत्रापुरती किल्लीही येते, आणि वर सांगितलेली चार संदेशांची देवाणघेवाण तिच्या आधारे होते. मूळ किल्ली सामायिक उरत नाही.

परदेशी शिकायला गेलेल्या विद्यार्थ्यांना विद्यापीठात दिसणारे एड्युरोम हे याच पद्धतीचे विस्तारित रूप आहे. युरोपात सुरू झालेल्या या सेवेत वापरकर्त्याच्या नावानंतर त्याच्या संस्थेचे नाव असते, त्यावरून विनंती त्याच्या मूळ संस्थेच्या सर्व्हरपर्यंत पोचते, आणि पासवर्ड यजमान विद्यापीठाला दिसत नाही. भारतात तिचे समन्वयन अर्नेट इंडिया करते.

चौथी पायरी: सर्व्हर उभा करणे

लहान संस्थेला फ्रीरेडियस हे मुक्त सॉफ्टवेअर पुरेसे आहे. डेबियन किंवा उबुंटूच्या भांडारातून ते सरळ बसवता येते आणि त्यासाठी जुना संगणकही चालतो. बसवल्यावर तीन ठिकाणी हात घालावा लागतो. क्लायंट्‌सच्या फाइलमध्ये प्रत्येक ॲक्सेस पॉइंटचा आयपी पत्ता आणि त्याच्याशी ठरलेला गुप्त शब्द लिहावा. हा शब्द यंत्राने बनवलेला, लांब आणि प्रत्येक ॲक्सेस पॉइंटसाठी वेगळा असावा. नमुन्यात दिलेला "टेस्टिंग१२३" हा शब्द जगाला ठाऊक आहे. वापरकर्त्यांच्या फाइलमध्ये नावे भरावीत. ईएपीच्या फाइलमध्ये मूळ पद्धत एमडी५ (एक जुनी, आता कमकुवत ठरलेली गणिती रीत) अशी असते, ती बदलून पुढे ठरवलेली पद्धत लिहावी.

पहिल्या चाचणीसाठी सर्व्हर मोठ्या एक्सच्या (-X) पर्यायासह सुरू करावा. मग तो पार्श्वभूमीत न जाता प्रत्येक पाऊल पडद्यावर छापतो. सोबत मिळणाऱ्या रॅडटेस्ट या साधनाने एक नाव तपासावे. यातून वापरकर्त्यांची यादी बरोबर आहे एवढेच सिद्ध होते. ईएपीची चाचणी खऱ्या फोननेच घ्यावी. ॲक्सेस पॉइंट आणि सर्व्हर यांच्यामधील वाहतूक तारेवर आणि शक्य तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच तारांवरच्या स्वतंत्र आभासी जाळ्यात) ठेवावी, कारण रेडियसची रचना जुनी आहे आणि एमडी५ वर विसंबलेली आहे. जुलै २०२४ मध्ये ब्लास्ट-रेडियस हा हल्ला उघड झाला तो त्याच दुव्यावर. ईएपीच्या पाकिटांना वेगळी पडताळणी सक्तीची असल्याने वायफाय त्यातून वाचले, तरी सर्व्हर अद्ययावत हवाच.

पाचवी पायरी: पद्धत आणि प्रमाणपत्र

सर्वांत जास्त चुका येथे होतात, म्हणून येथे घाई करू नये.

पीईएपी ही सर्वाधिक प्रचलित पद्धत आहे. तीत सर्व्हर आपले प्रमाणपत्र (ओळख सिद्ध करणारी डिजिटल फाइल) दाखवतो, एक कूटबद्ध बोगदा तयार होतो आणि आत एमएस-चॅप आवृत्ती २ या रीतीने पासवर्ड पडताळला जातो. आतली ही रीत कमकुवत आहे; २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी ती फोडणे म्हणजे डीईएस या जुन्या कूटपद्धतीची ५६ बिटांची एक किल्ली शोधण्याइतकेच काम असल्याचे दाखवले. म्हणजे सगळी भिस्त बाहेरच्या बोगद्यावर, आणि बोगद्याची भिस्त फोनने सर्व्हरचे प्रमाणपत्र तपासण्यावर असते. "प्रमाणपत्र तपासू नका" असे निवडून फोन जोडून दिला, तर त्याच नावाचे बनावट ॲक्सेस पॉइंट घेऊन दारात उभा असलेला माणूस पासवर्ड फोडण्याचा ऐवज मिळवतो. कर्मचाऱ्यांचा तोच पासवर्ड ईमेललाही असेल तर नुकसान वायफायपुरते राहत नाही. ॲन्ड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांनी हा पर्याय काढून टाकला त्यावर तक्रारी झाल्या, पण तो निर्णय योग्यच होता.

ईएपी-टीएलएस या पद्धतीत पासवर्डच नसतो. प्रत्येक उपकरणाला स्वतःचे प्रमाणपत्र दिले जाते आणि दोन्ही बाजू एकमेकांचे प्रमाणपत्र पाहतात. चोरण्याजोगा शब्द नसल्याने ती सर्वांत भक्कम आहे. मात्र प्रत्येक उपकरणावर प्रमाणपत्र चढवण्याचे कष्ट आहेत. संस्थेच्या मालकीच्या लॅपटॉपांना ईएपी-टीएलएस आणि कर्मचाऱ्यांच्या स्वतःच्या फोनांना, प्रमाणपत्राची तपासणी सक्तीची करून, पीईएपी अशी विभागणी मी सुचवेन.

प्रमाणपत्रासाठी संस्थेने स्वतःचा छोटा प्रमाणपत्र-अधिकारी तयार करावा, म्हणजे इतर प्रमाणपत्रांवर डिजिटल सही करणारी एक किल्ली आणि तिचे प्रमाणपत्र. फ्रीरेडियससोबत त्यासाठी नमुने येतात. पण नमुन्यातून आपोआप बनलेली प्रमाणपत्रे केवळ चाचणीसाठी असतात, ती प्रत्यक्ष वापरात ठेवू नयेत. अधिकाऱ्याची खासगी किल्ली सर्व्हरवर न ठेवता वेगळ्या पेनड्राइव्हवर कुलपात ठेवावी. सर्व्हरच्या प्रमाणपत्रात त्याचा उपयोग "सर्व्हरची ओळख पटवणे" हा असल्याचे नमूद असावे, अन्यथा विंडोज ते नाकारते. नंतर प्रत्येक फोनवर अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र बसवावे आणि ॲन्ड्रॉइडमध्ये "डोमेन" या रकान्यात सर्व्हरचे नेमके नाव भरावे. आयफोन आणि मॅकसाठी तयार प्रोफाइल (सगळी सेटिंग असलेली फाइल) देणे सोपे पडते.

प्रमाणपत्राची मुदत संपण्याच्या महिनाभर आधीची तारीख दोन जणांच्या कॅलेंडरवर टाकून ठेवावी, कारण मुदत संपते त्या सकाळी एकही फोन जोडला जात नाही. सर्व्हरच्या घड्याळाकडेही लक्ष हवे. रास्पबेरी पायसारख्या, घड्याळाची बॅटरी नसलेल्या छोट्या संगणकावर सर्व्हर असेल आणि दीर्घ वीजखंडानंतर त्याचे घड्याळ मागे पडले असेल, तर आजच दिलेले प्रमाणपत्र त्याला "अजून लागू न झालेले" वाटते. सर्व्हर, स्विच आणि ॲक्सेस पॉइंट एकाच यूपीएसवर ठेवावेत आणि शक्य झाल्यास दुसरा राखीव सर्व्हर ॲक्सेस पॉइंटमध्ये नोंदवून ठेवावा.

सहावी पायरी: नवे जाळे हळूहळू चालू करणे

जुने नाव लगेच बंद करू नये. नवे नाव शेजारी चालू करून एकेका विभागाला तिकडे न्यावे. सर्व्हरच्या होकारासोबत व्हीलॅनचा क्रमांकही पाठवता येतो, त्यामुळे लेखा विभाग, शिक्षक आणि विद्यार्थी एकाच नावाला जोडूनही वेगवेगळ्या जाळ्यांत राहतात. हजेरी यंत्र आणि प्रिंटर यांना सहसा ८०२.१एक्स येत नाही. ती जुन्याच नावावर, पण इतर जाळ्याशी संबंध न ठेवता राहू द्यावीत. पाहुण्यांसाठी वेगळे नाव असावे आणि तेथून फक्त इंटरनेट मिळावे. ॲक्सेस पॉइंटला जमत असेल तर त्यावर ओडब्ल्यूई ही पद्धत लावावी. तीत पासवर्ड नसतानाही प्रत्येकाची वाहतूक कूटबद्ध राहते.

कोणी नोकरी सोडली तर त्याचे नाव यादीतून काढावे किंवा प्रमाणपत्र रद्द झालेल्यांच्या यादीत टाकावे. चालू सत्र त्याने लगेच तुटत नाही, म्हणून पुन्हा ओळख पटवण्याचा कालावधी काही तासांचा ठेवावा.

अडल्यास नोंदी कशा वाचाव्यात

तक्रार आली की फोनपेक्षा सर्व्हरची नोंद आधी उघडावी. विनंती आलेलीच दिसत नसेल तर दोष १८१२ पोर्ट अडवणाऱ्या फायरवॉलचा किंवा ॲक्सेस पॉइंटमध्ये चुकीच्या भरलेल्या सर्व्हरच्या पत्त्याचा असतो. विनंती अनोळखी क्लायंटची म्हणून किंवा पडताळणी जुळत नाही म्हणून टाकून दिली असेल, तर यादीतला आयपी किंवा गुप्त शब्द चुकला आहे. स्पष्ट नकार गेला असेल तर नाव, पासवर्ड किंवा प्रमाणपत्र पाहावे. सर्व्हरने प्रमाणपत्र पाठवले आणि त्यानंतर फोन गप्प झाला किंवा "अनोळखी अधिकारी" अशी सूचना आली, तर फोनवर अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र नाही किंवा डोमेनच्या रकान्यात टंकनाची चूक आहे. आणि मुख्यालयात सर्व सुरळीत असताना व्हीपीएनने जोडलेल्या शाखेतच ईएपी-टीएलएस अर्ध्यात थांबत असेल, तर लांब प्रमाणपत्रांमुळे मोठी झालेली पाकिटे वाटेत तुकडे होऊन गळत आहेत असे समजावे. ईएपीच्या फाइलमध्ये तुकड्याचा कमाल आकार हजार बाइटच्या आसपास आणला की ती जोडणी सहसा पूर्ण होते.